अंगावर घेणे

आमचा विझार्ड मेला तेव्हा मी त्याच्या पुढे, अगदी जिथे असायला हवं तिथेच उभा होतो. अंगात साखळ्यांचं चिलखत, डाव्या हातात ढाल, आर्मर क्लास १९. समोरून सहा दरोडेखोर आले. दोघे माझ्याशी लढायला थांबले. उरलेले चौघे मला वळसा घालून मागे गेले, दोन फेऱ्यांत त्यांनी विझार्डला आडवा केला आणि तिसऱ्या फेरीत संपवला. विझार्ड म्हणून आम्ही बुद्धिबळातला उंट ठेवला होता. तो चटईवर कलंडलेला, आणि दरोडेखोर म्हणून मांडलेले शेंगदाणे त्याच्या भोवती.

"हे बरोबर नाही," मी म्हणालो. "मी पुढे आहे. त्यांनी माझ्यावर यायला हवं."

"का?" डीएमनं विचारलं.

"मी टँक आहे."

"ते तुला माहीत आहे. दरोडेखोरांना कोण सांगणार? तू त्यांच्या जागी असतास तर पत्रा ठोकत बसला असतास, का मागचा झगेवाला गाठला असतास?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी रागाने एक मेलेला दरोडेखोर सोलून खाल्ला.

हे घडलं मुळशीत, पौडच्या पुढे, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की लागणाऱ्या एका घरात. घर मित्राच्या काकांचं. काका असतात परदेशात, त्यामुळे दोन-तीन महिन्यांतून एकदा शनिवार-रविवार आम्ही पाच जण तिथे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला जातो. पाचही जण हिंजवडीत कोड लिहिणारे. तसं पाहिलं तर हिंजवडीही मुळशी तालुक्यातच येते, म्हणजे सोमवार ते शुक्रवारही आम्ही मुळशीतच असतो. पण तिथे टिटवी ऐकू येत नाही आणि ट्रॅफिक ऐकू येतो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकनांनी १९७४मध्ये तो बाजारात आणला. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम होतो. तो जग चालवतो, हवामान चालवतो, सरायवाल्याचा आवाज काढतो आणि शत्रूच्या बाजूने लढतो. काय होईल ते फासे ठरवतात, पण शत्रूने कुणावर चालून जायचं ते फासा ठरवत नाही. ते डीएम ठरवतो. सगळी गोम इथेच आहे.

मी कॉम्प्युटरवरच्या खेळांतून इकडे आलो होतो. तिथे 'अ‍ॅग्रो' नावाची चीज असते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'सारख्या खेळात प्रत्येक राक्षसाच्या आत एक यादी असते: कुणी किती मारलं, कुणी कुणाला बरं केलं, त्यावरून प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा. ज्याचा आकडा वरचढ, त्याच्यावर राक्षस धावतो. टँकने एक बटण दाबलं की त्याचं नाव यादीत सगळ्यात वर जातं. सुबक, स्वच्छ गोष्ट. मी स्वतः लिहिली असती तर अशीच लिहिली असती. टेबलावरच्या खेळात ती यादी एका माणसाच्या डोक्यात असते. आणि आमचा डीएम दिवसभर इतरांच्या कोडमधल्या चुका शोधण्याचा पगार घेतो.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी गणित मांडलं. दरोडेखोराला वीस बाजूंच्या फाशात तीन मिळवून माझा १९ गाठायचा, म्हणजे १६ किंवा वर पडायला हवं: पंचवीस टक्के. विझार्डचा आर्मर क्लास १२, त्याला ९ पुरतात: साठ टक्के. शिवाय विझार्डकडे प्राण कमी आणि त्याने एक मंत्र नीट टाकला की दरोडेखोरांचा खेळ खलास. थोडी अक्कल असलेला दरोडेखोर माझ्यापाशी थांबणारच नाही. बाजूने जाताना मी एकाला तडाखा देऊ शकतो, कारण एका फेरीत एकच प्रतिहल्ला मिळतो. बाकीचे तीन निवांत निघून जाणार. म्हणजे मी जितकं जाड चिलखत घालत होतो, तितका मी बिनमहत्त्वाचा होत होतो. मी भिंत होतो, आणि तीही मैदानाच्या मधोमध बांधलेली. अशा भिंतीला वळसा घालायला कितीसा वेळ लागतो.

खेळाच्या कर्त्यांनाही हे कोडं पडलेलं दिसतं. २००८च्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी 'डिफेंडर' अशी सरळ भूमिकाच नेमून दिली. तो शत्रूवर खूण करायचा. खूण झालेल्या शत्रूने दुसऱ्या कुणावर हल्ला केला तर फाशातून दोन वजा. बऱ्याच जणांना हे कॉम्प्युटर गेमसारखं वाटलं आणि त्यावर भांडणं झाली. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे आम्ही खेळतो त्यात, ही सोय सगळीकडे विखुरली आहे. पॅलाडिनकडे शत्रूला आपल्याशीच लढायला भाग पाडणारा एक मंत्र आहे. ढालवाल्याला शेजारच्यावर होणारा एक वार बिघडवता येतो. 'सेंटिनेल' नावाचं एक कौशल्य आहे: पळू पाहणाऱ्याला तुमचा प्रतिहल्ला लागला की तो जागीच खिळतो. मी पुढच्या वेळी ते घेतलं. पण कुठल्याच नियमात 'शत्रू तुमच्यावरच येईल' असं निमूट वाक्य नाही. तो येईल असं काहीतरी तुम्हाला करावं लागतं.

काय करावं लागतं, हे खरं तर मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. आपल्याकडे त्यासाठी वाक्प्रचारच आहे, खिंड लढवणे. माझ्या फायटरचं नाव बाजी होतं (पुण्यात दर तिसऱ्या फायटरचं असावं), तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. १६६०च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना बाजीप्रभू घोडखिंडीत उभे राहिले. मैदानात उभे राहिले असते तर त्यांनाही वळसा पडला असता. ताकद जितकी त्यांच्या हातात होती तितकीच त्या जागेच्या अरुंदपणात होती. आणि त्याच रात्री, त्याच्या आधी, शिवा काशीद पालखीत बसून दुसऱ्या वाटेने गेला. त्याच्याकडे खिंडही नव्हती आणि चिलखतही नव्हतं. त्याच्याकडे फक्त महाराजांसारखं दिसणं होतं. सिद्दी जौहरची माणसं त्याच्यामागे गेली ती तो अडवत होता म्हणून नाही, तर त्या रात्रीचं सगळ्यात मोलाचं सावज तोच आहे असं त्यांना वाटलं म्हणून. शाळेत आपण बाजीप्रभूंवर निबंध लिहितो, शिवा काशीदवर क्वचितच. मला आता वाटतं, दोघांत अवघड काम त्याचं होतं. खिंडीतल्या माणसाला निदान लढता येतं.

ऑफिसातही हे दिसतं. माझ्या आधीच्या एका टीममध्ये एक सीनियर बाई होत्या. क्लायंटचा फोन तापायला लागला की त्या स्वतःचीच कुठलीतरी किरकोळ चूक काढून पुढे ठेवायच्या: "सॉरी, तो मेल माझ्याकडून राहिला." पुढची दहा मिनिटं क्लायंट त्या मेलवर घसरायचा, आणि ज्या पोरानं खरा घोळ घातला होता तो तेवढ्यात घोळ निस्तरायचा. आम्हाला त्या वेंधळ्या वाटायच्या. त्यांचं अप्रेझलही तसंच झालं.

पण मला हे सगळं सुचलं ते नंतर. आधी टिटवी दिसली.

विझार्ड मेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच पाण्याकडे चालत गेलो. मे संपत आला होता, धरण खाली गेलेलं, काठाला तडकलेल्या मातीचा आणि गोट्यांचा रुंद पट्टा उघडा पडला होता. एक टिटवी ओरडत डोक्यावरून दोनदा गेली आणि पुढे दहा-बारा पावलांवर उतरली. मग तिचा एक पंख लोंबायला लागला. ती तो पंख फरफटत, अडखळत चालली. मला वाटलं कुत्र्यानं धरलं असणार. मी जवळ गेलो, ती तशीच खुरडत आणखी पुढे. पुन्हा गेलो, पुन्हा पुढे. असं करत शंभरेक पावलं गेल्यावर ती अगदी धडधाकट उडाली आणि मागे वळून निघून गेली.

घर सांभाळणाऱ्या मावशींना मी हे भाकरी खाताना सांगितलं. त्या हसल्या. "अंडी हायेत जवळ कुठंतरी. तुमाला लांब नेत हुती ती. ती नेती त्येच्या उलट बाजूला बघायचं."

टिटवी घरटं असं बांधतच नाही. उघड्या जमिनीवर, गोट्यांत, गोट्यांसारखीच दिसणारी चार अंडी. ना भिंत, ना खिंड. तिला कुत्र्याशी लढून जिंकता येणार नाही. म्हणून ती मोडून दाखवते. सोपं सावज दिसते, आणि हाताला लागेल-लागेल अशा अंतरावर राहते. फार लांब गेली तर कुत्रा नाद सोडून देईल, फार जवळ राहिली तर खरंच सापडेल.

घास हातात तसाच राहिला. मला ताई आठवली होती.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आमचं घर चिंचवडला, दोन खोल्यांचं. बाबा कारखान्यात पाळीवर. त्यांचा राग हा घरातला हवामानाचा प्रकार होता. आला की खिडक्या लावायच्या. आज ते ताईच्या मुलीला खांद्यावर घेऊन सोसायटीला फेऱ्या मारतात आणि तिने चष्मा ओढला तरी हसतात. तेव्हा तसे नव्हते. कारखान्यात तेव्हा काय चालू होतं ते मला कळायचं वय नव्हतं, आणि आता विचारायचा धीर नाही.

घरात सर्वमान्य समज असा, की मी गुणी आणि ताई उद्धट. ती उलट उत्तर द्यायची. नको त्या वेळी नको ते बोलायची. जेवायला बसल्यावर, बाबांचा आवाज चढायला लागला की ही तोंड उघडणारच. आई कपाळाला हात लावायची: "हिला ना, वेळकाळ म्हणून कळत नाही." मीही तेच म्हणायचो. मनातल्या मनात मी तिच्यावर चिडायचो, की कशाला आगीत तेल ओततेस.

नववीत मला सहामाहीला गणितात चाळीसपैकी नऊ मिळाले. प्रगतिपुस्तकावर सही हवी होती. रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "मार्क मिळाले का रे?" मी मान खाली घातली. ते ताट सरकवून माझ्याकडे वळले, आणि तेवढ्यात ताई म्हणाली, "बाबा, काल मी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेले नव्हते. आम्ही पिक्चरला गेलो होतो. रात्रीच्या शोला."

हे त्यांना कधीच कळलं नसतं. कुणी विचारलंही नव्हतं.

पुढचा तासभर काय झालं ते मी लिहिणार नाही. एक थप्पड होती, आणि नंतर बरंच बोलणं. मी ताट उचलून मोरीत ठेवलं आणि अंथरुणात जाऊन झोपेचं सोंग घेतलं. सकाळी बाबांना पहिल्या पाळीची घाई होती. त्यांनी न बघता सही केली.

चौदा वर्षं माझ्या लेखी त्या रात्रीची गोष्ट 'मी सुटलो' एवढीच होती. नशीब, म्हटलं, ताईनं नेमका तेव्हाच घोळ घातला. मुळशीच्या त्या ओट्यावर भाकरी हातात धरून मी तो 'नेमका तेव्हाच' पहिल्यांदा नीट पाहिला. मग इतर रात्री आठवायला लागल्या. फुटलेला टीव्हीचा रिमोट. माझी हरवलेली सायकल. दर वेळी ताईचा काहीतरी 'घोळ', दर वेळी अर्धा मिनिट आधी. शहाण्या मुलीला बाबांनी वळसा घातला असता, मागच्या माझ्यापर्यंत आले असते. म्हणून तिने पंख लोंबवला.

खेळात लढाई संपली की रात्रीचा मुक्काम होतो, प्राण भरून येतात, पुढच्या लढाईला यादी कोरी. घरातली यादी कुणी पुसत नाही. ताई बी.कॉम. झाली तेव्हा तिला सीए करायचं होतं. क्लासची फी भरायची का, यावर घरात बोलणं झालं आणि ते लवकर संपलं. हिचं कुठे लक्ष असतं अभ्यासात, ही रात्रीचे पिक्चर बघणारी. तीन वर्षांनी माझ्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती तेव्हा असं काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. मी गुणी होतो. ती आता तळेगावला एका छोट्या फर्ममध्ये हिशेब बघते. तिच्या हाताखालून गेलेल्या ताळेबंदांवर सह्या सीए करतात.

त्या सकाळी मावशींनी पाण्याकडे हात करून इथली बुडालेली गावं सांगितली, तेही मी अर्धवटच ऐकलं. १९२१मध्ये याच धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. त्या लढ्यातून पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' हे नाव मिळालं. निःशस्त्र माणसं कामाच्या जागी जाऊन बसली, मार आणि तुरुंग अंगावर घेतला. धरण झालंच. अंगावर घेतलेलं सगळं कुणाला तरी वाचवतंच असं नाही, हे तिथे पाण्याकडे बघून मान्य करावं लागतं. माझं मात्र वाचलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

पुण्यात परतल्यावर मी तळेगावला गेलो. ताई भाजी निवडत होती. मी आडवळणानं सुरुवात केली, टिटवीपासून. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"त्या रात्री तू मुद्दाम बोललीस ना? पिक्चरचं?"

"कुठल्या रात्री?" मग तिला आठवलं. "हां. ते होय. हो, मुद्दामच."

"माझ्यासाठी."

तिनं देठ मोडत थोडा विचार केला. "तुझ्यासाठी होतंच. पण सगळं तुझ्यासाठी नव्हतं रे. मला भांडायचंच असायचं त्यांच्याशी. तू निमित्त असायचास पुष्कळदा. उगाच देवी करू नकोस माझी."

मी सीएचं बोलणार होतो, तेवढ्यात तिची मुलगी चित्रकलेची वही घेऊन आली. नंतर बोलायचं ते राहिलं. मी ठरवून राहू दिलं, असंही म्हणता येईल.

दिवाळीनंतरच्या सेशनला मी तिला मुळशीला घेऊन गेलो. मुलगी आजीकडे. ताईला खेळाचे नियम सांगितले तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "यात मार कमी कोण खातं?" डीएमनं तिला तयार पात्रांतली पाचव्या पातळीची एक विझार्ड दिली. "ही सगळ्यात मागे उभी राहते," तो म्हणाला. "पण पुढे कुणीतरी लागतं."

"पुढे हा राहील," ती म्हणाली.

संध्याकाळी लढाई लागली ती एका पडक्या वाड्यात. या वेळी मी शिकलो होतो. दिंडी दरवाज्यात उभा राहिलो, एकाच माणसाला जाता येईल एवढी जागा, आणि सेंटिनेल हाताशी. शिवाय डीएमला सांगितलं, की माझ्या कमरेला दरोडेखोरांच्या सरदाराची चोरलेली तलवार आहे आणि मी ती त्यांना दिसेल अशी धरतो. डीएमनं भुवया उंचावल्या. "बरं. मग ते तुझ्यावर येतात." आठच्या आठ शेंगदाणे माझ्या भोवती सरकले. चार फेऱ्यांत माझे चव्वेचाळीसांतले एकोणीस प्राण उरले. ताई मागे, वाड्याच्या पायरीवर, अंगावर ओरखडाही नाही. ती मधूनमधून चहा पीत होती.

तिची पाळी आली. ती पात्राच्या कागदावर बोट फिरवत थांबली. "हा फायरबॉल काय आहे?"

"वीस फुटांच्या घेरात सगळं जळतं," डीएम म्हणाला. "आठ फासे."

"आणि हा मध्ये आहे तो?"

"तोही."

आमचा मेलेला विझार्ड, जो आता क्लेरिक घेऊन खेळत होता, पुटपुटला की तिला इव्होकेशनवाली विझार्ड दिली असती तर मित्राला वगळता आलं असतं. डीएमनं त्याला गप्प केलं.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "लागेल तुला."

"टाक," मी म्हणालो.

"नक्की?"

"अगं टाक ना."

तिनं आठही फासे दोन्ही ओंजळींत मावतील तसे घेतले आणि चटईवर टाकले. एक फासा घरंगळत ओट्याच्या कडेपर्यंत गेला. हिशेबाचा हात तिचा, एका नजरेत तिने बेरीज केली. एकोणतीस. मी वाचण्यासाठी फासा टाकला: चार. दरोडेखोर गेले, आठही. माझा बाजी त्यांच्या मधोमध पडला.

"मेला?"

"बेशुद्ध," डीएम म्हणाला. "तुझी चाल शिल्लक आहे अजून. सहा चौकोन जाता येईल."

"याच्यापर्यंत किती आहेत?"

डीएमनं मोजले. "पाच."

ताईनं उंट उचलला आणि एक-एक चौकोन मोजत माझ्याशेजारी आणून ठेवला. मग तिने त्या मेलेल्या शेंगदाण्यांतले चार स्वतःकडे घेतले आणि चार माझ्यापुढे सरकवले.